शिंगांना रंग, फ्लॅटला पीओपी

नुकताच नवा केलेला जुना फ्लॅट घेताना त्या नवेपणाचे पैसे द्यायचे नसतात. हे मी पहिल्याच वाक्यात लिहून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. आमच्या घरात गेले तीन आठवडे याच विषयावर वाद चालू आहे. निम्मे नातेवाईक मला चिकट म्हणतात आणि उरलेले निम्मे तोंडावर काही बोलत नाहीत. तेव्हा सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

प्रसंग असा. माझा भाचा इस्लामपुरात फ्लॅट घेतोय. (२०२५ मध्ये गावाचं नाव ईश्वरपूर करायचं ठरलं, पण सत्तरी ओलांडलेल्या तोंडात जुनंच नाव बसलेलं आहे, सांभाळून घ्या.) इमारत २००३ सालची, तीन मजली, लिफ्ट नाही. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, दोन खोल्या, हॉल, किचन. मालक मुलाकडे पुण्याला जाणार आहेत. जाण्याआधी तीन महिने त्यांनी घराला नवी फरशी घातली, पीओपीचं छत केलं, त्यात गोल गोल दिवे बसवले, एका भिंतीला लाकडासारखी दिसणारी पट्टी मारली, मॉड्युलर किचन केलं. मागणी ३८ लाख. ‘बॅगा घेऊन राहायला या’ असं एजंटनं सांगितलं. भाचेसुनेला किचन आवडलं. आमच्या आक्कानं तर हॉलमध्ये उभं राहून देव्हारा कुठं ठेवायचा तेही ठरवलं.

मला तिथं एकच प्रश्न पडला. जे घर सोडून जायचं ठरलं आहे, त्याला माणूस नवी फरशी कशाला घालतो? स्वतःला राहायचं असतं तेव्हा आपण गळतं आधी काढतो आणि दिवे मागाहून लावतो. विकायचं असतं तेव्हा क्रम उलटा होतो. मी त्या मालकांना लबाड म्हणत नाही. भला गृहस्थ आहे, चहा दिला, सगळी दारं उघडून दाखवली. त्यांना कुणीतरी सांगितलंय की नऊ लाख घाला, पंधरा लाख वाढवून मिळतील. पण त्यांनी कुणाचं तरी ऐकलं त्याची भरपाई आमच्या भाच्यानं का करावी? त्यात त्याचे अकरा वर्षांच्या नोकरीतून साठलेले पैसे आहेत, आक्काच्या बांगड्या आहेत आणि वीस वर्षांचे हप्ते आहेत.

आमचे दादा शेतकरी होते. बैल घ्यायला खरसुंडीच्या जत्रेला जात. खिलार जनावरांचा तिथला बाजार या भागातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. विकणारा काय करतो? जनावराला धुतो, अंगाला तेल लावतो, शिंगं तासून रंगवतो, गळ्यात नवा कंडा घालतो. बेंदराला आपणही बैलाची शिंगं रंगवतो, पण ती कौतुकानं. बाजारात रंगवलेली शिंगं बघून दादा कधी भुलले नाहीत. ते आधी जबडा उघडायचे. अदत आहे, दोनदाती आहे, सहादाती आहे की जुळलेला आहे ते बघायचं. मग चालवून बघायचं, खांदा चाचपायचा, खूर उचलायचा. आणि सगळ्यात शेवटी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव सांगायचा. त्या भावात शिंगांच्या रंगाचं एक बोटसुद्धा नसायचं. समजा कुणी म्हणालं असतं, ‘पाटील, रंगाला शंभर रुपये लागलेत, ते धरा की’, तर अख्खा बाजार हसला असता.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये यावरच निबंध लिहिला. तो जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल होता. खराब निघालेल्या गाडीला तिकडं ‘लिंबू’ म्हणतात. विकणाऱ्याला गाडीतली खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्यामुळं सगळा बाजारच कसा बिघडतो ते त्यानं मांडलं. २००१ मध्ये तो नोबेलच्या मानकऱ्यांपैकी एक झाला. आमच्या दादांना जबडा उघडायला मात्र निबंध लागला नव्हता. गंमत अशी की त्याच दादांची नातवंडं एक गुंठा जमीन घेताना सातबारा काढतात, फेरफार बघतात, चार ठिकाणी चौकशी करतात, वाट आहे का विचारतात. आणि ३८ लाखांच्या फ्लॅटमध्ये गेली की मान वर करून दिवे मोजतात.

आता जबडा कसा उघडायचा ते सांगते. भाच्याबरोबर मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा एक गवंडीही बरोबर नेला. माझा जुना विद्यार्थी आहे, गणितात काठावर पास व्हायचा, पण हातात ओळंबा असला की त्याचं काही चुकत नाही. त्यानं आधी फ्लॅट बघितलाच नाही. जिना बघितला, बाहेरची भिंत बघितली, खाली पार्किंगमधले कॉलम बघितले. कारण मालक आपला फ्लॅट रंगवतो, जिना कोण रंगवणार? आपल्याकडं काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया नीट घेतलेला नसला की इमारतीला त्याचा हिसका बसतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा निघतात. आत त्या पुट्टीनं बुजवल्या की आठ महिने दिसत नाहीत. जिन्यात मात्र दिसतात. या इमारतीत तशा चिरा फारशा नव्हत्या, हेही सांगायला हवं. पण पार्किंगमधल्या एका कॉलमची सळई गंजून वरचं काँक्रीट सुटलं होतं. तो खर्च उद्या सगळ्या फ्लॅटवाल्यांवर येणार. त्यात आमच्या भाच्याचाही वाटा असणार, आणि हॉलमधल्या पट्टीचा त्या कॉलमला काही उपयोग नाही.

मग वर आलो. गवंड्यानं एक रुपयाचं नाणं काढून फरशीवर ठोकत ठोकत हॉलभर फिरला. चार-पाच फरश्या पोकळ वाजल्या. गॅलरीच्या दारात बघितलं तर आतली जमीन दीड-एक इंच वर आलेली, आणि सगळी दारं खालून तासलेली. म्हणजे जुनी मोझॅकची फरशी काढलेलीच नाही, तिच्यावरच नवी चिकटवली. त्यानं घर पडत नाही, पण बोजा वाढतो, आणि पुढं कधी काढायची वेळ आली तर दोन थर काढावे लागतात. नंतर त्यानं मालकांची परवानगी घेऊन छतातला एक गोल दिवा स्प्रिंग दाबून बाहेर काढला आणि त्या भोकातून मोबाईलचा उजेड पाडून आत बघितलं. स्लॅबवर पिवळट गोल डाग होते. वर गच्ची आहे. डाग जुने होते की गेल्या पावसाळ्यातले, ते सांगता येत नाही, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. मालकही प्रामाणिकपणे गप्प बसले.

वायरिंगचं मात्र कौतुक करायला हवं. ते खरंच नवीन होतं, नुसत्या स्विचच्या पट्ट्या बदललेल्या नव्हत्या. बिल होतं, ८५ हजारांचं. बाथरूममधले जुने लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे घातले होते, खाली वॉटरप्रूफिंग केलं होतं, त्याचंही बिल १ लाख ६० हजारांचं. किचन २ लाख ४० हजारांचं. बाकीच्या सुमारे ४ लाखांचं बिल विचारलं तर ‘अंदाजे’ असं उत्तर आलं.

आता खरा मुद्दा, आकडा किती सांगायचा. एजंट म्हणाला, ‘मावशी, ३८ मागितलेत, तुम्ही ३६ म्हणा, साडेछत्तीसला जमवून देतो.’ ही पद्धत मुळातच चुकीची. मागणीच्या आकड्यावरून खाली उतरायचं नसतं, खरेदीखताच्या आकड्यावरून वर चढायचं असतं. मागणी ही मालकाची इच्छा आहे. मी पन्नास लाख मागितले तर तुम्ही अठ्ठेचाळीस द्याल का?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जुने दस्त शोधायची सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक घातला की सूची क्रमांक २ दिसते. त्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन वेगळे आकडे असतात. भाच्यानं एका रात्रीत शोधून काढलं. याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा, एवढाच, काहीही नवं न केलेला फ्लॅट आठ महिन्यांपूर्वी साडेसत्तावीस लाखांना गेला होता. आता बेरीज करा. साडेसत्तावीस आणि मालकांनी सांगितलेले नऊ मिळून साडेछत्तीस. मग ३८ का? वरचे दीड लाख कशाचे, विचारायच्या आधीच आक्का म्हणाली, ‘अगं, लोक सांगताना वाढवूनच सांगतात.’ बरं. म्हणजे वाढवलेलं आहे हे मान्य!

यावर एजंटचा युक्तिवाद ठरलेला. कागदावरचा आकडा खरा नसतो म्हणे, खालून रोख दिलेलं असतं. असेल. पण जे कुणी दाखवू शकत नाही त्याच्यावर माझ्या भाच्यानं भाव का ठरवावा? बँक तर कागदच बघते. बँकेचा माणूस येऊन गेला. त्यानं इमारतीचं वय विचारलं, क्षेत्रफळ मोजलं, किचनकडं बघून ‘छान आहे’ म्हणाला आणि कागदावर २९ लाख लिहिले. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं जास्तीत जास्त नव्वद टक्के मिळतात, तेही त्या किमतीच्या. म्हणजे साधारण २६ लाख. ३८ चा सौदा झाला तर वरचे १२ लाख घरातून काढायचे, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळा. त्या १२ लाखांतला मोठा भाग पीओपी आणि पट्टी आहे.

सरकारसुद्धा नवी फरशी बघत नाही. वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून मूल्य काढतात तेव्हा बांधकामाला वयाप्रमाणं घसारा धरतात. वीस ते तीस वर्षांच्या आरसीसी बांधकामाचे शंभरातले सत्तर राहतात. तिथं ‘गेल्या दिवाळीत रंग दिला’ असा रकाना नाही. बँकेला दिसत नाही, सरकारला दिसत नाही, ते फक्त घेणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतं. मी म्हणते, यातच सगळं आलं.

मग एजंटनं मधला मार्ग सुचवला. करार ३० लाखांचा करू आणि फर्निचरचे ८ लाख वेगळे, रोख. ऐकायला किती सोयीचं! पण २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं स्वीकारता येत नाही, आणि स्थावर मिळकतीच्या व्यवहारात तर २०१५ पासून २० हजारांचीच मर्यादा आहे. दंड घेणाऱ्याला आहे, हे मी मालकांनाही सांगितलं. आणि उद्या भाच्याला हा फ्लॅट विकायचा झाला, तर त्याची खरेदी कागदावर ३० चीच राहणार. ते ८ लाख कुठल्या वहीत दाखवायचे? पूर्वी आमच्या शाळेच्या सहलीच्या हिशेबातसुद्धा मी अशी ‘किरकोळ’ ओळ चालवून घेतली नाही.

आता विरुद्ध बाजूचं खरं म्हणणं. भाचेसून म्हणाली, ‘मावशी, आपण जुना घेऊन स्वतः केला असता तरी खर्च आला असता ना? गवंड्यामागं धावणं, धूळ, तीन महिने भाड्याच्या घरात... हा त्रास वाचला त्याचं काहीच नाही?’ बरोबर आहे. त्रासाला किंमत आहे. पण ती मोजू या की. त्यांचं आत्ताचं भाडं महिना ८ हजार. तीन महिन्यांचे २४. वर एक हजार मिठाईला धरा, २५ हजार झाले. त्रासाची किंमत २५ हजार आहे, ९ लाख नाही. आणि स्वतः केलं असतं तर जुनी फरशी काढून केलं असतं, गच्चीचं गळतं आधी काढलं असतं आणि ती लाकडाची पट्टी लावली नसती. (पट्टी तिलाही आवडलेली नाही, हे तिनं मला जिन्यात सांगितलं.)

म्हणजे ज्या कामाला बिल आहे आणि जे नाहीतर आपल्याला करावंच लागलं असतं, त्याचे पैसे पूर्ण द्या. किचनसारखी वस्तू, जी लागली असतीच पण इतक्या थाटाची नसती, तिचे निम्म्याहून थोडे कमी द्या. बाकी सगळं शून्य. आणि जिथं नव्या कामानं जुनं दुखणं झाकलं आहे तिथं शून्याच्याही खाली जा, कारण ते उघडून बघायचा खर्च आपलाच.

आमची बेरीज अशी झाली. दुसऱ्या मजल्याचे साडेसत्तावीस लाख. आठ महिन्यांत भाव थोडा चढला असेल, म्हणून ५० हजार अधिक. हा फ्लॅट एक मजला वर, लिफ्ट नाही, डोक्यावर गच्ची, म्हणून १ लाख वजा. राहिले २७ लाख. वायरिंग ८५ हजार, बाथरूम १ लाख ६० हजार, किचनचे १ लाख, त्रासाचे २५ हजार. सगळे मिळून ३० लाख ७० हजार. त्यातून गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि छत उघडून बघायचे ७० हजार गेले. ३० लाख. ही आमची शेवटची पायरी. पहिला आकडा साडेअठ्ठावीस सांगायचा, कारण मालकांनाही दोन पावलं चालल्याचं समाधान हवं. आणि आकड्याबरोबर ही सगळी बेरीज कागदावर लिहून द्यायची. हे माझं ठाम मत आहे. नुसता आकडा सांगितला की तो अपमान वाटतो. हिशेब दिला की त्यातली एखादी ओळ चुकली असेल तर समोरच्याला ती दाखवता येते. दाखवली तर आपण बदलू.

‘ओळखीचे लोक आहेत, घासाघीस बरी दिसत नाही,’ असं आमच्या थोरल्या दिरांचं म्हणणं. ओळखीच्या माणसाला सात-आठ लाख जास्त द्यायचे ही कुठली रीत? हे आमच्याकडं फार आहे. भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून दहा मिनिटं हुज्जत घालायची आणि लाखांच्या व्यवहारात एकदम सुसंस्कृत व्हायचं. मी उलट करते. कोथिंबीर सांगेल त्या भावानं घेते. आणि ‘सोमवारी दुसरी पार्टी येणार आहे’ याबद्दल काही लिहीतच नाही. ती पार्टी गेले तीन सोमवार येते आहे.

एक गोष्ट मात्र भावाच्या आधीची आहे, ती पैशांत बसत नाही. ही इमारत सोसायटी नाही, १९७० च्या कायद्याखालचं अपार्टमेंट आहे. अशा ठिकाणी फ्लॅटबरोबर जमिनीतला अविभक्त हिस्सा येतो, पण तो घोषणापत्र आणि डीड ऑफ अपार्टमेंट यांची नोंदणी झालेली असेल तर. मालकांच्या फाइलमध्ये २००४ चा करारनामा आहे आणि डीडची झेरॉक्स आहे. मूळ प्रत पुण्याला मुलाकडं असल्याचं सांगतात. ती बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, एक रुपयासुद्धा नाही, असं मी भाच्याला बजावलंय. चौकशीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयातून नोंदलेल्या दस्ताची नक्कल तो काढतोच आहे. जमिनीचा हिस्साच नीट नावावर नसेल, तर ३० सुद्धा जास्त होतील आणि २० सुद्धा. बावीस-तेवीस वर्षांची इमारत अजून पंचवीस-तीस वर्षांनी पाडून बांधायची वेळ येईल. तेव्हा भाच्याच्या हातात तो जमिनीचा हिस्साच उरणार आहे. पीओपीचं छत तोवर तीनदा बदललेलं असेल.

गेल्या शुक्रवारी भाच्यानं कागद नेऊन दिला. एजंटनं वाचून हसून बाजूला ठेवला. मालकांनी मात्र चष्मा लावून दोनदा वाचला, किचनच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘हे एक लाख कमी आहेत, शटर चांगल्या प्रतीची आहेत.’ कॉलमबद्दल आणि गच्चीबद्दल काही बोलले नाहीत. भाच्यानं किचनचे २० हजार वाढवायची तयारी दाखवली आहे. त्याला माझी हरकत नाही, शटर मीही उघडून बघितली होती. अजून फोन आलेला नाही. दरम्यान पेठ रस्त्याला एक फ्लॅट निघालाय, पहिल्या मजल्यावर, हिरव्या मोझॅकचा, भिंतींना बारा वर्षांचा रंग. रविवारी आम्ही तो बघायला जातोय. गवंड्याला सांगून ठेवलंय, आणि आक्कालाही नेणार आहोत, देव्हाऱ्याची जागा बघायला.